'जो'ला 'तो' लागतो, 'हू'ला नाही: इंग्रजी रिलेटिव्ह क्लॉज समजून घेताना

माझ्या पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक स्वल्पविराम जास्तीचा पडला होता. त्या एका स्वल्पविरामाने माझे सहा महिने खाल्ले.

वाक्य साधंच होतं. "धिस स्टडी इज अबाउट द स्टूडन्ट्स ऑफ शिरूर अँड दौंड, हू वेन्ट टू मराठी मीडियम स्कूल्स." समितीतल्या एका सरांनी कागदावरून नजर वर केली आणि विचारलं, "म्हणजे शिरूर-दौंडचे सगळेच विद्यार्थी मराठी माध्यमातले? दौंडला इंग्रजी माध्यमाची शाळाच नाही? रेल्वेत नोकरीला आलेल्या लोकांची मुलं कुठं शिकली मग?" मी म्हटलं, "नाही सर, सगळे नाहीत. जे मराठी माध्यमात शिकले, तेच." सर म्हणाले, "पण इथं तसं लिहिलेलं नाही."

त्या दिवशी मला वाटलं, सर उगीच शब्दाचा कीस काढतायत. परत येताना एस.टी.त बसून व्याकरणाचं पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, की सरांचं बरोबर होतं. तोंडाने मी 'तेच' म्हणाले होते आणि कागदावर तो 'च' स्वल्पविरामाने पुसून टाकला होता. सगळा नमुना, म्हणजे सॅम्पल, त्या 'च'वर उभा होता. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आला आणि पुढची बैठक सहा महिन्यांनी लागली.

गंमत अशी, की माझा विषयच इंग्रजीतले रिलेटिव्ह क्लॉज हा आहे. आपल्याकडची, म्हणजे शिरूर आणि दौंड तालुक्यांतली, मराठीत शिकलेली मुलं रोजच्या इंग्रजीत हे क्लॉज कसे वापरतात, हे मी बघते. तेव्हा आज तोच विषय. तुम्ही इतिहासात संशोधन करणार असा, वनस्पतिशास्त्रात किंवा वाणिज्यात. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असेल तर हे प्रकरण तुम्हाला चुकणार नाही.

एक सूचना. या लेखातली इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचा आणि स्वल्पविराम दिसला की थांबा. हे थांबणं पुढे कामाला येणार आहे.

आधी दौंडच्या फलाटावर उभे राहू

दौंड जंक्शनवर तुम्ही गाडीची वाट बघत उभे आहात. इथून पुण्याला, सोलापूरला, मनमाडला आणि बारामतीला रूळ फुटतात. त्यामुळे नुसतं 'गाडी येत आहे' असं सांगून कुणाचंच भागत नाही. कुठली गाडी? म्हणून घोषणा होते, 'सोलापूरकडे जाणारी गाडी', 'मनमाडहून येणारी गाडी'. शिरूरला रेल्वे नाही, पण तिथल्या एस.टी. स्टँडवरही तेच चालतं: "न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी गाडी गेली का हो?"

आता नीट बघा. 'सोलापूरकडे जाणारी' या शब्दांत एक अख्खं वाक्य घडी घालून ठेवलंय: 'गाडी सोलापूरकडे जाते.' ते वाक्य इथं बातमी सांगत नाही. अनेक गाड्यांतून एक गाडी वेगळी काढून दाखवतं. म्हणजे ते विशेषणाचं काम करतं. 'लाल गाडी'मध्ये 'लाल' जे करतो, तेच.

रिलेटिव्ह क्लॉज म्हणजे इतकंच: नामाची ओळख पटवायला कामाला लावलेलं वाक्य. शाळेत आपण याला मिश्र वाक्यातलं विशेषण उपवाक्य म्हणायचो आणि 'जो, जी, जे' यांना संबंधी सर्वनामं. पाच मार्कांना पाठ केलं आणि सोडून दिलं. पण भिंतीवरची 'येथे कचरा टाकणाऱ्यास दंड करण्यात येईल' ही पाटीसुद्धा त्याच कुळातली आहे. 'टाकणाऱ्यास' म्हणजे 'जो टाकेल त्याला'.

मराठीचे दोन रस्ते

वरच्या उदाहरणांत एक गोष्ट लक्षात आली असेल. मराठीत हे काम करायचे दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला रस्ता 'जो-तो'चा.

'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.'

इथं दोन वाक्यं शेजारी शेजारी उभी आहेत. पहिल्यात 'जो', दुसऱ्यात 'तो'. जोडी जमली की अर्थ जमतो. आपल्या म्हणी बघा: 'ज्याच्या हाती ससा तो पारधी', 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं'. 'जो' आला की कान 'तो'ची वाट बघतो. मराठीत या दोघांची गाठ पक्की आहे.

या रस्त्याची ताकद मोठी आहे. एकाच वाक्यात दोन जोड्याही चालतात: 'ज्याला जी गाडी मिळेल, त्याने ती पकडावी.' इथं 'ज्याला-त्याने' आणि 'जी-ती' अशा दोन गाठी एकदम बसल्या. इंग्रजीत हे दोन 'हू-व्हिच' एकाला एक जोडून होत नाही. तिथं वाक्य मोडून वेगळं बांधावं लागतं: "एव्हरीवन शुड टेक व्हिचएव्हर ट्रेन दे गेट." हिंदीतल्या अशा 'जो-वो' रचनांवर विनीता श्रीवास्तव यांनी १९९१ साली महत्त्वाचा लेख लिहिला. पुढे त्या विनीता दयाल या नावाने लिहू लागल्या. शिरूरच्या स्टँडवर आपण जे सहज बोलतो, ते अर्थविचाराच्या अभ्यासकांना कोड्यात टाकणारं आहे, हे मला तो लेख वाचून पहिल्यांदा जाणवलं.

दुसरा रस्ता 'णारा' आणि 'लेला'चा.

'काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे.' 'रांजणगावला कामाला जाणारी माणसं सहाला निघतात.' 'मी वाचलेलं पुस्तक परत दिलं.'

इथं 'जो' नाही, 'तो' नाही. क्रियापदालाच विशेषण करून नामाच्या आधी बसवलंय. व्याकरणात यांना धातुसाधित विशेषणं म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून ते रमेश धोंगडे आणि काशी वाली यांच्या २००९ सालच्या इंग्रजी पुस्तकापर्यंत या रूपांचा विचार झालेला सापडेल. रोजच्या बोलण्यात आपण हाच रस्ता जास्त धरतो, कारण तो जवळचा आहे. तीन शब्दांत काम होतं.

दोन्ही रस्त्यांत एक गोष्ट सारखी आहे. ओळख पटवणारा भाग साधारणपणे आधी येतो आणि मुख्य गोष्ट नंतर. 'सोलापूरकडे जाणारी' आधी, 'गाडी' नंतर. 'जो काल आला' आधी, 'तो माझा भाऊ' नंतर. 'तो मुलगा माझा भाऊ आहे, जो काल आला' असंही म्हणता येतं, पण ते मागाहून आठवून जोडल्यासारखं वाटतं.

इंग्रजीची रिकामी जागा

इंग्रजीत क्रम उलटा. नाम आधी सांगायचं, मग त्याची ओळख.

"द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर."

'द बॉय' झाला, त्याला 'हू केम यस्टरडे' हे शेपूट लागलं आणि मग वाक्य पुढे गेलं. उपवाक्य वाक्याच्या पोटात शिरलंय. मराठीतल्या 'जो-तो'सारखं ते शेजारी उभं नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. "द बस दॅट आय मिस्ड वॉज द लास्ट वन." यात 'आय मिस्ड' एवढंच ऐका. काय मिस केलं? कर्म कुठाय? त्या ठिकाणी जागा रिकामी आहे. ते कर्म म्हणजे आधी येऊन गेलेली 'द बस'. इंग्रजी रिलेटिव्ह क्लॉजमध्ये अशी एक जागा रिकामी ठेवावी लागते. ती भरली की वाक्य बिघडलं. इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासात या रिकाम्या जागेला फार महत्त्व आहे, आणि आपल्या बऱ्याच चुका तिच्याच आसपास होतात.

चुका येतात कुठून

आता मुलांच्या लिखाणात वारंवार भेटणाऱ्या तीन चुका बघू. यातली एकही चूक 'इंग्रजी कच्चं आहे' म्हणून सोडून देण्यासारखी नाही. प्रत्येकीमागे मराठीची शिस्त आहे.

पहिली चूक, जास्तीचा 'ही'.

"द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर."

हा 'ही' कोण? आपला 'तो'. 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे' हे वाक्य मनात होतं. 'जो'चा 'हू' केला, मग 'तो' मोकळा राहिला. मराठीत 'तो' गाळला तर वाक्य लंगडतं, म्हणून मुलाने इमानदारीत त्याचाही 'ही' केला. पण इंग्रजीत 'हू'ला जोडीदार लागत नाही. 'द बॉय' हाच 'इज'चा कर्ता आहे, तिथं दुसऱ्या कर्त्याला जागा नाही.

"द बुक व्हिच आय बॉट इट" ही याच घरातली चूक. इथं 'इट'ने रिकामी जागा भरून टाकलीय.

दुसरी चूक, गळालेला 'इन'.

"द कोच व्हिच वी सॅट वॉज फुल."

'सॅट'नंतर 'इन' हवा होता. तो कुठं गेला? मराठीत विचार करा: 'आम्ही बसलेला डबा भरलेला होता.' डब्यात बसलो, पण 'बसलेला डबा' म्हणताना 'त' प्रत्यय गळून पडतो आणि कुणाला काही खटकत नाही. मराठीला चालतं. इंग्रजीला चालत नाही. तिथं "द कोच वी सॅट इन" किंवा "द कोच इन व्हिच वी सॅट" असंच हवं.

प्रबंधात हीच चूक जरा भारदस्त कपड्यांत येते. 'सर्वेक्षण केलेली गावं' हे मनात असतं आणि कागदावर येतं, "द विलेजेस व्हिच द सर्व्हे वॉज कन्डक्टेड." हवं होतं, "द विलेजेस इन व्हिच द सर्व्हे वॉज कन्डक्टेड."

तिसरी चूक, गायब झालेला 'हू'.

"द स्टूडन्ट्स केम यस्टरडे आर फ्रॉम शिरूर."

इथं इंग्रजी वाचणारा फसतो. 'द स्टूडन्ट्स केम यस्टरडे' म्हणजे वाक्य संपलं असं तो समजतो आणि 'आर' आल्यावर ठेचकाळतो. ही चूक कशी होत असावी याचा माझा तर्क असा: 'काल आलेले विद्यार्थी' या मराठी तुकड्यात 'जे' नाहीच. मग 'हू' कुठून येणार? शिवाय 'मिळालेला फॉर्म' याचं "द फॉर्म रिसीव्ह्ड" होतं, 'भरलेली फी' याचं "द फी पेड" होतं. 'लेला'ला इंग्रजीत थेट जोड मिळतो असं वाटायला लागतं. पण तो जोड मिळतो 'केलेलं काम', 'भरलेली फी' अशा सकर्मक क्रियापदांना. 'आलेला', 'गेलेला', 'झोपलेला' यांना मिळत नाही. तिथं 'हू' हवाच: "द स्टूडन्ट्स हू केम यस्टरडे."

'णारा'चं नशीब जरा बरं आहे. 'शिरूरहून येणारे विद्यार्थी' याचं "स्टूडन्ट्स कमिंग फ्रॉम शिरूर" सरळ होतं. फक्त जागा बदलते. आधीचं नंतर जातं.

यात एक आडवळण आहे, तेही सांगून टाकते. इंग्रजीतही कधी कधी 'दॅट' किंवा 'व्हिच' गाळता येतो: "द बस आय मिस्ड." तो केव्हा गाळायचा? रिकामी जागा कर्माची असेल, किंवा 'इन', 'विथ' यांच्यामागची असेल तेव्हा. रिकामी जागा कर्त्याची असेल तर प्रमाण लिखाणात गाळायचा नाही. "द बस आय मिस्ड" चालतं. "द बस केम लेट वॉज फुल" चालत नाही.

'ज्या'ची चाचणी

आता कामाची गोष्ट. 'इन', 'विथ', 'अबाउट' गळू नये म्हणून मी स्वतः एक साधी युक्ती वापरते. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनातलं 'लेला'-'णारा'चं वाक्य 'जो-तो'मध्ये बदलून बघते. 'लेला'मध्ये लपलेला प्रत्यय 'ज्या'ला चिकटून उघडा पडतो.

'आम्ही बसलेला डबा' याचं 'ज्या डब्यात आम्ही बसलो तो डबा'. 'त' दिसला, म्हणजे 'इन व्हिच'.

'मी बोललेली बाई' याचं 'जिच्याशी मी बोलले ती बाई'. 'शी' दिसला, म्हणजे 'टू हूम' किंवा 'विथ हूम'.

'वडील रेल्वेत असलेली मुलगी' याचं 'जिचे वडील रेल्वेत आहेत ती मुलगी'. 'चे' दिसला, म्हणजे 'हूज': "द गर्ल हूज फादर वर्क्स इन द रेल्वेज."

'ज्याच्याबद्दल' असेल तर 'अबाउट व्हिच', 'जिथे' असेल तर 'व्हेअर', 'ज्या वर्षी' असेल तर 'द इयर इन व्हिच' किंवा 'व्हेन'.

पण चाचणी आंधळेपणाने लावू नका. दोन प्रत्यय फसवतात.

एक, 'ने'. 'ज्याने तिकीट काढलं तो' याचं "बाय हूम" होत नाही. मराठीत भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो. इंग्रजीत तो साधा कर्ता आहे: "द मॅन हू बॉट द टिकेट."

दोन, 'ला'. 'ज्यांना मराठी येतं ते' याचं "टू हूम मराठी कम्स" होत नाही. 'मला येतं, मला आवडतं, मला माहीत आहे' या सगळ्या वाक्यांत इंग्रजी कर्ता साधा ठेवते: "दोज हू नो मराठी." पण 'ज्यांना मी प्रश्नावली दिली ते' इथं 'ला' खराच देण्याचा आहे. म्हणून "द स्टूडन्ट्स टू हूम आय गेव्ह द क्वेश्चनेअर". म्हणजे 'ज्याला' दिसला की विचारायचं: इंग्रजीत हा माणूस करणारा आहे की घेणारा?

स्वल्पविराम आणि 'तेच'

आता माझ्या सहा महिन्यांकडे येऊ. ही दोन वाक्यं थांबे पाळून वाचा.

"द स्टूडन्ट्स हू लिव्ह इन हॉस्टेल्स फिल्ड द फॉर्म."

"द स्टूडन्ट्स, हू लिव्ह इन हॉस्टेल्स, फिल्ड द फॉर्म."

पहिल्यात थांबा नाही. अर्थ: विद्यार्थी अनेक आहेत, त्यातले जे वसतिगृहात राहतात त्यांनी फॉर्म भरला. उपवाक्य चाळणीचं काम करतंय. दुसऱ्यात दोन थांबे आहेत. अर्थ: विद्यार्थ्यांनी फॉर्म भरला, आणि जाता जाता सांगायचं तर ते सगळे वसतिगृहात राहतात. इथं चाळणी नाही, जादा माहिती आहे.

मराठीतलं 'वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी फॉर्म भरला' हे वाक्य दोन्हीकडे झुकू शकतं. 'णारा' काही सांगत नाही, संदर्भावर सोडतो. म्हणून आपल्याला हा फरक लिहिताना जाणवत नाही. पण 'जो-तो'मध्ये तो जाणवतो. 'जे विद्यार्थी वसतिगृहात राहतात त्यांनी फॉर्म भरला' असं म्हटलं की चाळणी लागलीच. आणि विशेषनाम घेऊन बघा. 'जो रमेश काल आला तो' असं म्हटलं की ऐकणारा विचारतो, रमेश किती आहेत?

म्हणून चाचणी अशी: वाक्यात 'तेच' किंवा 'त्यांनीच' घालून बघा. अर्थ जसाच्या तसा राहिला तर इंग्रजीत स्वल्पविराम नको. 'तेच' घातल्याने अर्थ बिघडला, आणि त्याऐवजी 'हे सगळेच' बरोबर बसलं, तर स्वल्पविराम हवा.

विशेषनामाला साधारणपणे हवाच. "पंडिता रमाबाई, हू डाइड इन १९२२, ट्रान्सलेटेड द बायबल इनटू मराठी." दौंड तालुक्यातल्या केडगावला ज्यांनी मुक्ती मिशन चालवलं त्या रमाबाई एकच. त्यांच्यातून कुणाला चाळून काढायचं नाही. स्वल्पविराम काढला तर १९२२ साली न वारलेल्या दुसऱ्याही कुणी पंडिता रमाबाई होत्या असं सुचवल्यासारखं होईल.

आणखी एक नियम जोडीला: स्वल्पविरामानंतर 'दॅट' वापरत नाहीत, 'हू' किंवा 'व्हिच' वापरतात. चाळणीसाठी 'दॅट' चालतो.

हा काही शुद्धलेखनाचा बारकावा म्हणून सोडायचा विषय नाही. "द फार्मर्स हू ग्रो शुगरकेन वेअर इंटरव्ह्यूड" आणि "द फार्मर्स, हू ग्रो शुगरकेन, वेअर इंटरव्ह्यूड" यात तुमचा अख्खा नमुना बदलतो. पहिल्यात कांदा लावणारे शेतकरी गावात आहेत, पण तुम्ही त्यांना विचारलं नाही. दुसऱ्यात तुमच्या अभ्यासातले सगळेच ऊसवाले. परीक्षक निष्कर्ष वाचताना हेच तपासणार: तुम्ही कुणाबद्दल बोलताय?

हे संशोधन कसं होतं

पुढे भाषेवर काम करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं.

पहिली भाषा आणि दुसरी भाषा शेजारी ठेवून चुकांचा अंदाज बांधायचा, ही कल्पना रॉबर्ट लाडो यांनी १९५७ सालच्या पुस्तकात ठामपणे मांडली. मी वर 'तो'चा 'ही' झाला असं जे सांगितलं, ते याच वळणाचं. मग १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी म्हटलं, की विद्यार्थ्याच्या चुकांकडे दोष म्हणून न बघता त्या गोळा करा, तपासा. तो भाषा कशी शिकतोय याचा पुरावा त्यांत आहे. या दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण दोन्हींत एक खड्डा आहे, आणि तो जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये दाखवला.

त्यांनी फारसी, अरबी, चिनी आणि जपानी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध घेतले आणि रिलेटिव्ह क्लॉज मोजले. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका कमी निघाल्या. म्हणजे त्यांना हे प्रकरण सोपं गेलं? नाही. त्यांनी मुळात रिलेटिव्ह क्लॉजच फार कमी वापरले होते. त्यांच्या भाषांत ओळख पटवणारा भाग नामाच्या आधी येतो. इंग्रजीचा उलटा क्रम अवघड वाटला, तर ते छोटी छोटी वाक्यं करून बाजूने निघून जात. फारसी आणि अरबीत क्रम इंग्रजीसारखा आहे, त्यामुळे त्या विद्यार्थ्यांनी भरपूर वापरले आणि भरपूर चुकलेही.

हा लेख वाचल्यावर माझी प्रश्नावली मी पुन्हा लिहिली. आपला 'लेला'ही नामाच्या आधीच येतो. मग आपली मुलंही टाळत असतील का? "आय हॅव अ फ्रेन्ड. ही लिव्ह्ज इन दौंड. ही वर्क्स इन रांजणगाव." अशी तीन बिनचूक वाक्यं लिहिणारा मुलगा चुकांच्या यादीत येतच नाही. मी फक्त चुका मोजल्या असत्या, तर त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते आणि माझा निष्कर्ष उलटा निघाला असता. आता मी आधी एकूण वापर मोजते, मग चुका. विषय कुठलाही असो, हे लक्षात ठेवा: जे दिसतं ते मोजणं सोपं असतं, पण जे यायला हवं होतं आणि आलं नाही, तेही मोजावं लागतं.

दुसरा आधार एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉमरी यांच्या १९७७ सालच्या लेखाचा. सुमारे पन्नास भाषा बघून त्यांनी एक उतरंड मांडली. कर्त्याबद्दल रिलेटिव्ह क्लॉज करणं सगळ्यांत सोपं, मग कर्म, मग ज्याला दिलं तो, मग 'त-शी-वर'वाली नामं, मग 'चा-ची-चे', आणि शेवटी 'पेक्षा'वाली तुलना. उतरंडीत जितकं खाली जावं तितक्या कमी भाषांना ते जमतं. मराठीवर लावून बघा. 'लेला' बराच खाली उतरतो: 'आलेला मुलगा', 'वाचलेलं पुस्तक', 'बसलेला डबा', अगदी 'वडील रेल्वेत असलेली मुलगी' इथपर्यंत. पण 'ज्याच्यापेक्षा मी उंच आहे तो मुलगा' याचं 'मी उंच असलेला मुलगा' करून बघा. जमत नाही. तिथं 'जो-तो'लाच बोलवावं लागतं. आपल्या दोन रस्त्यांपैकी कुठला कुठपर्यंत जातो, हे असं एका उतरंडीवर मोजता येतं. मराठीची बाजू नीट समजून घ्यायची असेल, तर राजेश्वरी पंढरीपांडे यांचं १९९७ सालचं इंग्रजीतलं मराठी व्याकरण जरूर उघडा. उदाहरणं भरपूर आहेत.

आज संध्याकाळी काय कराल

स्वतःचा सिनॉप्सिस किंवा एखादं इंग्रजी टिपण घ्या. त्यातल्या प्रत्येक 'हू', 'व्हिच', 'दॅट'ला पेन्सिलीने गोल करा. 'दॅट' सगळेच रिलेटिव्ह नसतात. "ही सेड दॅट" मधला 'दॅट' म्हणजे आपला 'की'. तो सोडून द्या. बाकीच्यांना चार प्रश्न विचारा.

रिकामी जागा रिकामीच आहे ना, की 'ही', 'दे', 'इट' येऊन बसलेत?

'ज्या'ची चाचणी लावली तर कुठला प्रत्यय उघडा पडतो, आणि त्याचा 'इन', 'विथ', 'अबाउट' वाक्यात आहे का?

'तेच' बसतं का? बसत असेल तर स्वल्पविराम खोडा.

आणि पानभर एकही गोल निघाला नाही, तर तुम्ही टाळताय का?

माझं वाक्य दुसऱ्या बैठकीत असं गेलं: "धिस स्टडी इज अबाउट दोज स्टूडन्ट्स ऑफ शिरूर अँड दौंड हू वेन्ट टू मराठी मीडियम स्कूल्स." स्वल्पविराम काढला आणि 'द'च्या जागी 'दोज' घातला. 'दोज' म्हणजे आपलं 'तेच'. त्याच सरांनी वाचलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न प्रश्नावलीवर विचारला.